कान्होपात्रा

कान्होपात्रा : (पंधरावे शतक). वारकरी संप्रदायातील संत कवयित्री. पंढरपूरपासून सु. २५ किमी. अंतरावरील मंगळवेढे (जि. सोलापूर) हे तिचे जन्मगाव. तिची आई शामा ही तेथील धनवान गणिका होती. कान्होपात्रेच्या चरित्राचा मुख्य आधार महिपतीचा भक्तविजय (१७६२) हा ग्रंथ होय. तो सु. तीन शतकांनंतर रचलेला असल्याने त्यातील वृत्तांत संप्रदायाची स्मृती म्हणूनच वाचावा लागतो. कथेत बीदरच्या बादशहाचा उल्लेख आहे. बहमनींची राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बीदरला गेली. तिचा काळ त्यानंतरचा मानण्यास या उल्लेखाचा आधार मिळतो.

नृत्यगायनाचे शिक्षण तिला घरातच मिळाले. परंतु कुळाचा व्यवसाय तिने नाकारला आणि वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला जाऊन ती विठ्ठलभक्तीत रमली. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बादशहाने तिला नेण्यासाठी शिपाई पाठविले. अखेरचे दर्शन घेण्याची मुभा मागून ती मंदिरात गेली व विठ्ठलाच्या चरणी तिने प्राण सोडला, अशी कथा आहे. मंदिराच्या दक्षिण बाजूस जेथे तिला पुरले, तेथे तरटीचे झाड उगवले, अशी श्रद्धा असून ते तिचे स्मारक मानले जाते.

सकलसंतगाथेत तिचे २३ अभंग समाविष्ट आहेत. अन्य संतकवयित्रींप्रमाणे तिला गुरूचा किंवा संतकुटुंबाचा आधार नव्हता. त्यामुळे तिच्या अभंगांत उपदेश थोडा आणि स्वतःची भीती, हीन मानलेल्या जन्माची जाणीव व सुटकेची तळमळ अधिक आहे. वाघाच्या तावडीतील पाडसाची प्रतिमा तिच्या संकटाची तीव्रता दाखविते. मात्र तिची वाणी केवळ विलापाची नाही. सिंहाचा घास कोल्ह्याने नेल्यास लाज सिंहालाच, असे बजावून ती देवाला त्याच्या ब्रीदाचा जाब विचारते. गणिकेच्या मुलीवर धनिकाची वा राजाची सत्ता मानणाऱ्या समाजात आपण विठ्ठलाच्या आहोत, हे तिचे म्हणणे स्वतःवरील इतरांचा हक्क नाकारणारे ठरते.

तिची रचना अभंगाच्या मोठ्या व लहान अशा दोन्ही प्रकारांत आढळते. छोटे चरण, यमक आणि अखेरीस नाममुद्रा यांमुळे ती टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणण्यास सुलभ असून वारकरी भजनांतून टिकून राहिली. ना. वि. कुलकर्णी यांच्या कान्होपात्रा (१९३१) या नाटकात बालगंधर्वांनी तिची भूमिका केली. मास्टर कृष्णराव यांनी स्वरबद्ध केलेले तिचे अभंग त्या नाटकामुळे रंगभूमीवर व पुढे गायनाच्या मैफलींत रूढ झाले. ज्या गायनकलेचा बाजार तिने नाकारला, तिच्याच द्वारे तिचे शब्द संप्रदायाबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले.