काळ्या दगडाचा उतारा

जळगाव-धुळ्याकडे बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते. ही खपली येते सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या दगडातून, म्हणजे बेसाल्टमधून. पावसाचं पाणी मातीत मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि बेसाल्टमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. तापीकाठच्या गाळातली चुनखडी त्यात भर घालते. गिझरमध्ये पाणी तापलं की तो वायू निसटतो आणि विरघळलेला दगड पुन्हा दगड होऊन बसतो.

खरं नवल पुढेच आहे. याच बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक वाढतात. जळगाव जिल्ह्यातले नमुने परदेशी संग्राहकांपर्यंत पोचले आहेत. कॅल्शियम धरून सोडियम सोडण्याचा गुण झिओलाइटमध्ये असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी हलकं करायला कृत्रिम झिओलाइटच वापरलं गेलं. आजच्या घरगुती सॉफ्टनरमध्ये त्याची जागा रेझिनच्या मोहरीहून बारीक मण्यांनी घेतली आहे. एक कॅल्शियम आत, दोन सोडियम बाहेर! मणी भरले की मिठाच्या दाट पाण्याने धुवायचे. अदलाबदल उलटी होते.

एवढं कळलं की सॉफ्टनरचा बिघाड कुठे शोधायचा तेही कळतं. नळाची धार बारीक झाली तर आधी यंत्राला वगळणारा बायपास उघडा. धार वाढली तर अडथळा यंत्रात, नाहीतर टाकी, पंप, पाइप तपासा. यंत्रात पहिला संशय गाळणीत साचलेल्या बोअरच्या गाळावर. मग रेझिनवर चढलेल्या लोहावर आणि तळाच्या बुजलेल्या जाळीवर. सॉफ्टनर गच्चीवरच्या टाकीच्या खाली जोडला असेल तर उंचीच अपुरी पडते. 10 मीटर उंचीला जेमतेम 1 बार दाब मिळतो. बऱ्याच यंत्रांना त्याहून जास्त लागतो. अशा घरी सॉफ्टनर पंप आणि टाकीच्या मधे बसवावा.

धार चांगली, पण फेस नाही? मिठाच्या टाकीत काठी घालून पाहा. वर मिठाचा कडक थर आणि खाली पोकळी असेल, तर मीठ दिसतं पण पाण्यात उतरत नाही. पाणी खारट लागलं तर धुणं अर्धवट राहिलं आहे. दाब आणि निचऱ्याची नळी पाहा.

मण्यांत चालणारी ही अदलाबदल शास्त्रज्ञांना प्रथम सापडली ती मातीत: इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी 1850 मध्ये ती नोंदवली. आपली काळी मातीही तेच करते. म्हणून धुण्याचं मीठपाणी परसातल्या केळीच्या आळ्यात कधीच सोडू नका. सोडियम मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हुसकावतं आणि जमीन चोपण होते. मग तिला सुधारायला जिप्सम घालावं लागतं, म्हणजे आपण पाण्यातून काढलेलं तेच कॅल्शियम!