दोरीचा दुसरा खांब

पाऊस थांबून तास झालाय, तरी कडा गळतोच आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशरमधल्या स्किप्सी गावाच्या टोकाला मी उभा आहे. समोरचा डांबरी रस्ता सरळ जातो आणि एकदम तुटतो. पुढे नुसता समुद्र, चहासारखा तांबूस. तो रंग या जमिनीचाच.

खाली खडक नाही. हिमयुगात बर्फानं रेटत आणून टाकलेली चिकणमाती आणि तिच्यात रुतलेले गोटे, एवढंच. बोटानं दाबली तर ओल्या शाडूसारखी दबते. पावसाचं पाणी भेगांत मुरून माती जड होते, लाटा खालून पाया खातात, आणि अख्खा तुकडा गवतासकट खाली बसतो. होल्डरनेसचा हा किनारा वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे सरकतो. पण सरासरीवर इथे कुणी झोपत नाही. दोन वर्षं काही हलत नाही, मग एकाच हिवाळ्यात अंगण जातं.

शेवटच्या घरातल्या आजी वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर येतात. दोरीचं एक टोक खांबाला, दुसरं स्वयंपाकघराच्या खिडकीला. "दुसरा खांब फेब्रुवारीत गेला," त्या सांगतात. मी पुढे वाकतो तशा ओरडतात, "मागे हो! ती भेग कालची आहे." पायाजवळ गवतात बोटभर रुंद काळी रेघ आहे, कड्याला समांतर.

विम्याचं विचारतो. किनारा खचून घर गेलं तर विमा नाही, आणि घराची सरकारी भरपाईही नाही. दक्षिणेला मॅपल्टनमध्ये १९९१ साली सुमारे वीस लाख पौंड खर्चून दगडी बांध घातले. गाव आणि रस्ता वाचला. पण वाळू तिथेच अडली आणि पलीकडच्या काउडनचा कडा जास्तच झिजू लागला. मॅपल्टनला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पण स्किप्सीची ही घरं वाचवणं परवडत नाही, हा सरकारी हिशेब मला पटत नाही. आजींनी हे घर आयुष्यभराच्या पगारातून घेतलंय.

खाली काहीतरी घसरतं. धप्प असा ओला आवाज. आजी वळूनही पाहत नाहीत. चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात देतात आणि घडी घालायला लागतात.