घरच्या विहिरीला जोड पाणी

ज्याच्या परसात विहीर आहे त्याला पाण्याची चिंता कसली, असे आपण सहज म्हणतो. परंतु विहीरही दगा देते, आणि तो दिवस नेमका घरात कार्य असताना उगवतो! म्हणून या महोत्सवी स्मरणिकेत चार उपयोगाच्या गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

एकाच पाण्यावर विसंबू नये, हे इंदूर शहर अनुभवाने शिकले. यशवंतसागर व बिलावली यांच्या पाण्यावर भागेना, तेव्हा १९७८ साली सुमारे ७० किलोमीटरांवरील जलूदहून नर्मदा शहरात आणावी लागली. घरोघर नळ आले आणि विहिरी मागे पडल्या. शहाण्या गृहस्थाने मात्र दोन्ही राखावीत.

विहीर तीन प्रकारे अडते. पहिला प्रकार विजेचा. पंप बंद पडला की पाणी डोळ्यांना दिसते, पण हंड्यात येत नाही. यासाठी कप्पी, मजबूत दोर आणि पोहरा घरात असलाच पाहिजे. गच्चीवरची टाकी रोज रात्री भरून ठेवावी.

दुसरा प्रकार वैशाखाचा. आपल्याकडे काळ्या मातीखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांतून झिरपते, म्हणून उन्हाळ्यात झरे मंदावतात. तेव्हा पावसाळ्यापूर्वी गाळ उपसावा आणि गच्चीचे पाणी वाळू-खडीतून गाळून विहिरीत सोडावे. पहिल्या सरींचे मात्र वाहू द्यावे. १०० चौरस मीटर गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर सुमारे १००० लिटर पाणी होते! पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरल्यास पाच माणसांना तीन दिवसांसाठी १५० लिटर लागते. एवढे नळाचे पाणी झाकणाच्या टाकीत निराळे असावे. विहिरीची नळी व नगरपालिकेची नळी कधीही जोडू नये; एकीचे दूषित पाणी दुसरीत शिरते.

तिसरा प्रकार फसवा. पाऊस पडतो, विहीर भरते, पण वरची घाण आत उतरते. अशा वेळी १००० लिटरांस अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत ओतून ढवळावे. तासभर उपसा करू नये. पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे.

शेवटची गोष्ट जड मनाने लिहितो. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीस, आपल्याच शहरात बेलेश्वर महादेव मंदिरातील बावडीवरचे छत कोसळले व ३६ जीव गेले. पायाखाली विहीर आहे हे विसरले जाते, तेथे असे घडते. म्हणून विहीर पाटून तिच्यावर बैठक करू नये. मजबूत जाळी बसवावी, कठडा राखावा आणि मुलाबाळांना जागा दाखवून ठेवावी.

वाडवडिलांनी खणलेली विहीर ही ठेव आहे. येत्या रविवारी आपण सर्वांनी एकदा कठड्याशी उभे राहून दोर, जाळी व पाणी पाहून घ्यावे, एवढीच आमची विनंती.