निर्दोष नळकांडे

वाफेत मोठे बळ आहे, हे खरे; पण ते बळ कामी यावयाचे, तर इंजिनाचे नळकांडे निर्दोष असावे लागते. नळकांड्यात दट्ट्या मागेपुढे सरकतो. दोहोंमध्ये फट राहिली, तर वाफ निसटून जाते. दट्ट्या फार घट्ट बसला, तर तो अडकतो. एवढ्याशा फटीने जेम्स वॅटसारख्या कुशल कारागिरास अनेक वर्षे जेरीस आणले.

इ. स. १७६३ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन इंजिनाची एक लहान प्रतिकृती वॅटकडे दुरुस्तीस आली. ती थोडा वेळ चाले आणि थांबे. त्या इंजिनात दर खेपेस नळकांड्यातच थंड पाणी उडवून वाफेचे पाणी करीत. त्यामुळे तापलेले नळकांडे निवे आणि पुढील बरीचशी वाफ ते पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. १७६५ साली वॅटला युक्ती सुचली. वाफ निराळ्या भांड्यात नेऊन निववावी व नळकांडे सदैव तप्त ठेवावे!

युक्ती उत्तम होती. पण तिच्याबरोबर नवे संकट आले. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवीत; त्याने फट बुजे. वॅटला तसे करता येईना, कारण पाण्याने नळकांडे निवले असते. त्याने तेलात भिजविलेल्या चिंध्या, बूच, कागद, जुन्या टोप्या, इतकेच नव्हे, तर घोड्याची लीदसुद्धा फटीत कोंबून पाहिली. वाफ निसटतच राहिली. दोष कल्पनेत नव्हता, नळकांड्यात होता.

त्या काळी बिडाचे नळकांडे ओतून ते आतून कोरीत. लांब दांड्याच्या टोकास पाते बसवीत. पण त्या टोकास पक्का आधार नसे. म्हणून भोक जिकडे वाकडे असेल, तिकडे पातेही वळे. भोक गुळगुळीत होई, सरळ होत नसे.

जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा कारखानदार तोफा कोरण्यात निष्णात होता. १७७५ च्या सुमारास वेल्समधील बर्शम येथे त्याने नवे यंत्र उभारले. नळकांडे पक्के जखडले, जाड दांडा आरपार घातला आणि त्याच्या दोन्ही टोकांना आधार दिला. दांडा फिरे व त्यावरील पाते सावकाश पुढे सरके. आता पाते भोकामागे जाईना. भोकच दांड्याच्या सरळ रेषेत येऊ लागले. ५० इंच व्यासाच्या एका नळकांड्यात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक आढळली नाही. १७७६ साली वॅटची इंजिने कामास लागली. युक्ती सुचल्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

आजही प्रतिकृती-इंजिने बनविणारे काही हौशी कारागीर लहानसे नळकांडे कोरताना हीच रीत अनुसरतात. कातयंत्रावर दोन्ही टोकांनी धरलेला दांडा नळकांड्यातून आरपार जातो. शेवटी पाते अगदी अल्पसे कापते. मग तेल लावलेला दट्ट्या आत सरकवून नळकांड्याचे एक तोंड तळहाताने घट्ट दाबावे आणि दट्ट्या किंचित बाहेर ओढून सोडावा. तो झटकन आत परतला, की काम साधले असे समजावे. थोर कल्पनेलाही अचूक हाताची जोड लागते, ती अशी.