बीएस्सी नाशिकमध्ये, उन्हाळा परदेशी प्रयोगशाळेत: हे जमतं कसं?

गेल्या काही आठवड्यांत तुमचे सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आलेत. बीएस्सी करताना उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातल्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं का? आणि मिळत असेल, तर ते फक्त आयआयटीवाल्यांसाठीच असतं का?

निफाडहून ऐकणाऱ्या एका मैत्रिणीचा मेसेज असा होता: "दादा, एका वेबसाइटवर पासष्ट हजार भरले की परदेशी युनिव्हर्सिटीची रिसर्च इंटर्नशिप मिळते असं लिहिलंय. पप्पा म्हणतात, द्राक्षाचे पैसे आले की भरू. भरू का?" तिला मी तेव्हाच कळवलं, थांब. का थांब, ते आज सगळ्यांना सांगतो.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. खऱ्या संशोधन इंटर्नशिपमध्ये पैसे तुमच्याकडून तिकडे जात नाहीत, तिकडून तुमच्याकडे येतात. कारण साधं आहे. उन्हाळ्यात प्रयोगशाळेला हात हवे असतात आणि पुढे पीएचडीला येतील अशी हुशार पोरं आधीच पारखायची असतात. म्हणून ते भत्ता देतात, बऱ्याच ठिकाणी राहायची सोय करतात, काही ठिकाणी विमानाचं भाडंही देतात.

उदाहरणं घेऊ. जपानच्या ओकिनावा बेटावर ओआयएसटी नावाची विज्ञान संस्था आहे. तिथल्या इंटर्नला भत्ता, राहायची सोय आणि प्रवासखर्च मिळतो. सौदी अरेबियातलं काउस्ट विद्यापीठही काही महिन्यांसाठी विद्यार्थी बोलावतं. तिथेही मासिक भत्ता, घर आणि विमानभाडं. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही बारा आठवड्यांची इंटर्नशिप. जर्मनीची डाड संस्था 'वाईज' नावाची शिष्यवृत्ती खास भारतीय विद्यार्थ्यांना देते. आणि जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळा, म्हणजे जिथे २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं तीच, दर उन्हाळ्यात विद्यार्थी घेते. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

आता लगेच उड्या मारू नका, प्रत्येकाच्या अटी आहेत. सर्नला पदवीची किमान तीन वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे चौथ्या वर्षाला किंवा एमएस्सीला जाणाऱ्यांनाच ते सोयीचं. 'वाईज'साठी जर्मनीतल्या प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र आधी मिळवावं लागतं, शिवाय तुमची संस्था त्यांच्या पात्रतेत बसते का तेही बघावं लागतं. आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकू. इन्स्टाग्रामवर अमेरिकेच्या 'आरईयू' कार्यक्रमाच्या रील फिरतात. त्या कार्यक्रमाचा पैसा अमेरिकी सरकारच्या एनएसएफचा असतो आणि तो अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले कायम रहिवासी यांच्यासाठीच असतो. त्यात रात्री जागवू नका.

मग फी घेणारे सगळेच चोर का? नाही. काही विद्यापीठं उन्हाळी शाळा भरवतात, तिथे लेक्चर असतात, फी असते, ते उघड सांगितलेलं असतं. तो कोर्स झाला, संशोधन नव्हे. घोळ तिथे होतो जिथे कोर्सला 'रिसर्च इंटर्नशिप' म्हणून विकतात. ओळखायचं कसं? तीन प्रश्न विचारा. मी कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करणार? निवड कोण करणार? आणि हा कार्यक्रम त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसतो का? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर पैसे खिशातच ठेवा.

आता मुद्द्याचं. समजा कार्यक्रम खरा आहे, तुम्ही पात्र आहात. तरी नाशिकच्या कॉलेजातल्या मुलाचा अर्ज बऱ्याचदा मागे का पडतो? माझ्या मते मार्कांपेक्षा जास्त तो अडतो शिफारसपत्रावर. 'विद्यार्थी हुशार व प्रामाणिक आहे' या ओळीने समोरच्याला काहीच कळत नाही. त्याला हवं असतं: या मुलीने दोन महिने अमुक मोजमाप केलं, चूक आली तेव्हा ती स्वतः शोधली. असं पत्र फक्त तोच लिहू शकतो ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय. म्हणजे परदेशाच्या आधी एक पायरी लागते, आणि आपलं नशीब असं की ती पायरी आपल्या दाराशी आहे.

नाशिक-पुणे रस्त्याने जाताना नारायणगाव लागतं ना? तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. जून २०२३ मध्ये जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या गटांनी अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यात युरोपच्या गटाबरोबर भारत आणि जपानच्या शास्त्रज्ञांचा गट होता आणि त्यांनी या खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणं वापरली होती. म्हणजे आंतरराष्ट्रीय संशोधन चाललंय कुठे, तर आपल्या एसटीच्या रस्त्यावर!

ही दुर्बीण चालवणारी पुण्याची एनसीआरए संस्था आणि शेजारची आयुका, दोन्ही सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रकल्पांवर घेतात. मुंबईत टीआयएफआरचा असाच सुट्टीतला कार्यक्रम आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' उपक्रम तर बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. शिवाय देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, तीही भत्त्यासह. यातली एक जरी मिळाली, तरी तुम्हाला ओळखणारा एक शास्त्रज्ञ तयार होतो.

आणि ही पायरी थेट परदेशाकडे कशी जाते बघा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोचा कॅलटेकमध्ये दहा आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम असतो आणि भारतातून विद्यार्थी पाठवण्यात आयुकाचा सहभाग राहिलेला आहे. पुणे ते कॅलिफोर्निया असा रस्ता आहे हा.

"पण दादा, मी फिजिक्सचा नाही, बॉटनीचा आहे." मग तर तुझ्याकडे प्रश्न जास्त आहेत. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' विकिरण केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याला गॅमा किरणांची अगदी कमी मात्रा द्यायची, ही त्यामागची कल्पना. २००७ मध्ये अमेरिकेला आंबा गेला, तो याच केंद्रातून प्रक्रिया होऊन. आता विचार करा. घरच्या चाळीत कांदा सडताना तुम्ही लहानपणापासून पाहिलाय. कोणत्या बुरशीने तो सडतो, किती आर्द्रतेला सडतो, हे तुम्ही कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत चार महिने मोजलंत, तर तुमच्या अर्जात जे येईल ते मोठ्या शहरातल्या पोरांच्या अर्जात येणार नाही. 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' असं सगळेच लिहितात. चाळीतला कांदा मात्र फक्त तुमचा.

आता प्राध्यापकाला मेल. बरेच जण एकच मेल दोनशे जणांना पाठवतात आणि मग म्हणतात, सर उत्तरच देत नाहीत. अहो, कसे देतील? दहाच जणांना लिहा, पण प्रत्येकाचा एक तरी पेपर वाचून. मेल छोटा ठेवा. मी कोण आणि काय करून पाहिलंय, तुमच्या कामातलं नेमकं काय मला कळलं आणि कुठे प्रश्न पडला, आणि या महिन्यांत मी येऊ शकतो का. बस. मराठी माध्यमातून शिकलात म्हणून लाजू नका. साधं, बरोबर इंग्रजी चालतं. एआयकडून लिहून घेतलेलं गुळगुळीत इंग्रजी उलट लगेच ओळखू येतं. दहातल्या आठांकडून उत्तर आलं नाही तरी मनाला लावून घेऊ नका. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा.

वेळेचं गणितही समजून घ्या. उन्हाळ्याची इंटर्नशिप उन्हाळ्यात शोधायची नसते. कॅनडाच्या अर्जांची मुदत साधारण सप्टेंबरात संपते, जर्मनीची दिवाळीच्या आसपास, सर्नची जानेवारीच्या शेवटी. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲप फॉरवर्डवर नको. पासपोर्ट नसेल तर आत्ताच काढा. साध्या अर्जाची फी पंधराशे रुपये आहे आणि सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे. निवड झाली आणि पासपोर्टच नाही, यासारखं वाईट दुसरं काही नाही.

घरी काय सांगायचं, हाही प्रश्न असतो, विशेषतः मुलींना. त्यांना निवडीचं पत्र दाखवा, भत्त्याचा आकडा दाखवा, राहायची सोय कुठे ते दाखवा. तिथल्या इंटर्नशिप विभागाचा मेल आयडी आईवडिलांना द्या. कागद खरे असले की घरचं बोलणंही सोपं जातं.

या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या कॉलेजातले कोणते सर किंवा मॅडम अजूनही स्वतः प्रयोग करतात ते शोधा आणि त्यांना विचारा, "सर, मी शनिवारी मदतीला येऊ का?" शिफारसपत्राची पहिली ओळ तिथेच लिहायला सुरुवात होते. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात अर्जातलं एक पानी टिपण कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत भेटत राहू, ऐकत राहा!