गजाची पट्टी आणि मीटरचा हिशेब
इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ट्यूनिंग करणाऱ्या मिस्त्री बांधवांसाठी

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके उसाचे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा साखर कारखान्यांच्या जिवावर इथला बाजार चालतो. उसाचे बिल निघाले की आमच्या दुकानात गिऱ्हाईक येते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. त्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल आता आपल्या गाड्यांच्या टाकीत आले आहे. 2001 साली मिरज आणि मनमाड येथे त्याचे प्रयोग झाले, 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले, 2022 मध्ये देशात 10 टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा.

आमचा धंदा कापडाचा. इंजिनाविषयी लिहिण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु ज्या चुकीविषयी लिहायचे आहे ती मुळात मापाची आहे, आणि माप हा आमच्या रोजच्या व्यवहाराचा विषय आहे.

दुकानातील माणूस ज्या मोटारसायकलवर भवानीनगर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला माल पोहोचवतो ती जुनी, कार्बोरेटरची आहे. पेट्रोल बदलल्यापासून ती चढाला दम टाकू लागली. आमच्या ओळखीच्या एका तरुण मिस्त्रीने पदरचे पैसे घालून वाइडबँड सेन्सर आणि त्याचे मीटर घेतले होते. त्याने जेट बदलून गाडी लावून दिली. दम टाकणे थांबले, पण महिनाभरात प्लग काजळीने काळा झाला आणि पेट्रोलचा खर्च वाढला. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "चाचा, या पेट्रोलला 13.5 लागते. मी मीटरवर बरोबर 13.5 आणले आहे."

चूक इथेच होती. ती समजण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असल्याने त्याला फक्त 9 किलो लागते. 20 टक्के मिश्रणाला म्हणूनच सुमारे 13.5 किलो हवा पुरते. मिस्त्रीचा आकडा खोटा नव्हता. पण मीटर तो आकडा मोजत नाही. सेन्सर धुरात बसतो. टाकीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. जळून झाल्यावर प्राणवायू उरला की कमी पडला, आणि किती, एवढेच तो सांगतो. या मापाला लॅम्डा म्हणतात. हवा आणि इंधन यांचा हिशेब बरोबर मिटला की लॅम्डा 1. हवा जास्त झाली की एकाच्या वर, इंधन जास्त झाले की एकाच्या खाली. इंधन कोणतेही असो, 1 म्हणजे 1.

मीटर बनवणारे बहुधा या लॅम्डाला 14.7 ने गुणून आकडा दाखवतात, कारण त्यांची पट्टी शुद्ध पेट्रोलची असते. म्हणजे टाकीत 20 टक्के इथेनॉल असतानाही हिशेब बरोबर मिटला की मीटर 14.7 च दाखवणार. तिथे 13.5 आणले म्हणजे 13.5 भागिले 14.7, लॅम्डा सुमारे 0.92. हवेच्या मानाने आठ-नऊ टक्के इंधन जादा. ते पूर्ण जळत नाही, वाया जाते.

कापडवाल्याला हे लगेच समजेल. गज म्हणजे 91.44 सेंटिमीटर, मीटर म्हणजे 100. गजाची पट्टी धरून मीटरचा हिशेब केला तर थानामागे जी चूक होते, जवळपास तेवढीच ही आहे.

आता गिऱ्हाइकाचे नुकसान पाहा. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश शक्ती असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात सहा-सात टक्के शक्ती मुळातच कमी. ही घट मिस्त्रीच्या हातात नाही. पण तिच्यावर दुसरी चुकीच्या मापाची पडली, तर गिऱ्हाईक सगळा दोष इथेनॉलला देतो किंवा मिस्त्रीला. दुसऱ्या वेळी तो त्या गॅरेजची पायरी चढत नाही.

म्हणून मिस्त्री बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मीटर शक्य असेल तर लॅम्डावर लावावे. ते जमत नसेल तर माहितीपुस्तकातून पट्टी कोणत्या इंधनाची आहे ते पाहावे. पेट्रोलची असल्यास 14.7 म्हणजे 1, 13.2 म्हणजे 0.90 आणि 12.5 म्हणजे 0.85. सावकाश, एकसारख्या चालीला 1 च्या आसपास आणि पूर्ण ओझ्यावर 0.85 ते 0.90 हे साधारण धोरण इथेनॉल आले म्हणून बदलत नाही. बदलतो तो जेट.

सायलेन्सरच्या पाइपला जोडावर गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर खोटेच "इंधन कमी" सांगते. प्लग मधूनमधून चुकत असेल तरीही तसेच होते, कारण न जळलेल्या हवेतला प्राणवायू धुरात येतो. जेटला हात लावण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासाव्यात.

सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, तिरका बसवावा. आतला भाग तापून लाल झालेला असतो. धुरातले पाणी त्यावर पडले तर तो तडकतो. वीज न जोडता तो चालू इंजिनावर ठेवू नये.

एप्रिल 2020 नंतरच्या भारत स्टेज 6 गाड्यांत स्वतःचा सेन्सर असतो आणि नेहमीच्या चालीत इंधन तोच जुळवतो. तिथे हात घालू नये. आपले कसब जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांवर लागणार आहे. मूळ जेटवर त्यांना आता इंधन कमी पडते आणि इंजिन तापते. एका वेळी एकच नंबर जेट वाढवावा, ओझे घेऊन चालवून पाहावे, मग आकडा वाचावा. शेवटी पीयूसी करून घ्यावी.

आमच्या मिस्त्रीने जेट एक नंबरने उतरवला. मीटर पुन्हा 14.7 वर आले, प्लग विटकरी रंगाचा राहू लागला. त्याने त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. आम्ही आग्रहाने दिले, कारण त्याने मापाची चूक कबूल केली आणि सुधारून दिली. मीटर विकत घेतल्याने कारागीर मोठा होत नाही. पट्टी कशाची आहे हे ओळखूनच त्याने मापावे.