टेलिफोनची दोन कुलपं

शाहूपुरीत कचेरी, शिरोलीला फौंड्री आणि गोकुळ शिरगावला मशीनशॉप, असा पसारा कोल्हापुरात नवा नाही. तिन्ही ठिकाणी आपापलं खासगी एक्स्चेंज असतं आणि इंटरनेटवरून ती एकमेकांना जोडताही येतात. आता प्रश्न असा, की ही वाट सताड उघडी ठेवायची, की तिला कुलूप घालायचं?

पूर्वी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. मध्ये ऑपरेटर बसलेला असे. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ग्राहक स्वतःच परगावचा नंबर फिरवू लागला. राखणदार गेला, तेव्हा कुलूप हवंच झालं.

आधी नंबरांचं पाहू. समजा, कचेरीचे आतले नंबर २ ने, शिरोलीचे ३ ने आणि गोकुळ शिरगावचे ४ ने सुरू होतात. पहिला आकडा पाहून एक्स्चेंज वाट ठरवतं.

पहिलं कुलूप दोन एक्स्चेंजांमधलं. कॉल आला की पलीकडचं एक्स्चेंज एक नवा संकेत पाठवतं. अलीकडचं तो पासवर्डात मिसळून, हिशेब करून उत्तर कळवतं. उत्तर जुळलं तरच दार उघडतं. खुद्द पासवर्ड वाटेवर जातच नाही. तरीही तो लांबलचक असावा. ‘१२३४’ चोरालाही ठाऊक असतं!

दुसरं कुलूप माणसाचं. शिरोलीहून कुणी कचेरीच्या लाइनीवरून परदेशी बोलू पाहील, तर त्याला त्याचा गुप्त अंक विचारला गेला पाहिजे. पुष्कळदा घोटाळा होतो तो इथंच. शेजारच्या एक्स्चेंजकडून आलेला कॉल घरचाच समजून त्याला सगळी मुभा देतात. मग एक दार फुटलं की सगळा वाडा मोकळा. रातोरात परदेशी कॉल होतात आणि बिल येतं मालकाच्या नावावर. शिवाय इंटरनेटवरचा कॉल बाहेरच्या लाइनीवर सोडण्याबाबत सरकारी नियम आहेत. सेवा देणाऱ्या कंपनीकडून ते आधी समजून घ्या.

एक दार मात्र उघडंच हवं. भट्टीपाशी कुणी भाजलं, तर ११२ किंवा १०८ लावताना गुप्त अंक कोण आठवत बसेल? हे नंबर बिनकुलपाचे ठेवा आणि त्या त्या जागेच्या लाइनीवरूनच जाऊ द्या. नाहीतर जखमी माणूस शिरोलीत आणि पत्ता शाहूपुरीचा, असं व्हायचं. कुलपं बसवणाऱ्या कारागिराला हे सगळ्यांत आधी विचारा.